बिनतारी जाळ्यातील तुंबलेली रांग : स्वरूप आणि उपाययोजना

ग्रामपंचायतींची कार्यालये, शाळा, ग्रंथालये आणि घरे यांना आता बिनतारी जाळे, म्हणजेच वाय-फाय, चांगलेच परिचयाचे झाले आहे. केंद्र सरकारने २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याचे उद्दिष्ट या योजनेपुढे ठेवण्यात आले होते. तथापि तंतू येतो तो कार्यालयाच्या भिंतीपर्यंत. तेथून लिपिकाच्या किंवा शिक्षकांच्या संगणकापर्यंतचे शेवटचे काही मीटर अंतर संदेशाला बहुधा हवेतूनच कापावे लागते. आणि पुष्कळदा खोळंबा होतो तो नेमका याच टप्प्यावर.

शाळेत एक विद्यार्थी एखादी मोठी चित्रफीत पाठवू लागतो आणि त्याच वेळी मुख्याध्यापकांच्या संगणकावर साधा अर्जही उघडेनासा होतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. अशा वेळी 'वेग कमी पडतो' असे अनुमान काढून अधिक दराची जोडणी मागविली जाते. पैसा खर्च होतो, पण तक्रार कायम राहते. कारण दोष पुष्कळदा वेगाचा नसून रांगेचा असतो. ही रांग कोठे असते, ती का भरते आणि भरल्यावर यंत्रणेने काय करावयास हवे, याची माहिती या लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

पॅकेट, रांग आणि ड्रायव्हर

संगणक कोणताही मजकूर अखंड पाठवीत नाही. तो त्याचे लहान लहान तुकडे करतो. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. एका पॅकेटात साधारणपणे जास्तीत जास्त १५०० बाइट मजकूर मावतो. एक मध्यम आकाराचे छायाचित्र पाठवावयाचे तर अशी शेकडो, कधी हजारो पॅकेटे तयार होतात.

ही पॅकेटे प्रत्यक्ष हवेत सोडण्याचे काम वाय-फायच्या चिपचे. परंतु चिपला काम सांगावयास, तिच्याकडून झालेल्या कामाचा हिशेब घ्यावयास आणि तिच्या अडचणी वर कळवावयास एक मध्यस्थ लागतो. हा मध्यस्थ म्हणजे ड्रायव्हर नावाची आज्ञावली होय. संगणकाची मुख्य प्रणाली वरून पॅकेटे देते, ड्रायव्हर ती चिपच्या रांगेत मांडतो आणि चिप ती एकामागून एक प्रक्षेपित करते. या रांगेला प्रेषण-रांग म्हणता येईल. तिच्यातील खाने मोजके असतात. समजा २५६ खाने आहेत, तर २५७ व्या पॅकेटाला जागा नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. रांग साचते ती नेहमी वाटेतील सर्वांत अरुंद जागी. बाहेरची जोडणी मंद असेल, तर रांग जोडणीच्या तोंडाशी साचते. प्रकाशतंतूमुळे बाहेरची वाट रुंद झाली, की अरुंद जागा सरकून हवेत येते आणि रांग राउटरच्या किंवा आपल्याच संगणकाच्या वाय-फाय ड्रायव्हरमध्ये उभी राहते. जोडणीचा दर वाढवूनही तक्रार का जात नाही, याचे उत्तर येथे मिळते.

हवेतील प्रेषण निराळे का

तारेतून जाणाऱ्या संदेशाला वाट बहुधा मोकळी असते आणि तिचा वेग ठरलेला असतो. हवेचे तसे नाही. हवा सर्वांची सामाईक आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अलोहानेट' हे बिनतारी संगणक-जाळे चालू केले, तेव्हापासून एकाच वेळी दोघे बोलू लागले तर काय करावयाचे, हा प्रश्न या शास्त्रापुढे आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ८०२.११ या वाय-फायच्या पहिल्या मानकाने त्यावर पुढील पद्धत ठरविली : बोलण्यापूर्वी ऐकावे, हवा मोकळी नसेल तर थांबावे, मग यदृच्छेने ठरलेला अल्पसा काळ वाट पाहून बोलावे. पॅकेट पोचल्याची पोच मिळाली नाही, तर ते पुन्हा पाठवावे.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, पॅकेट केव्हा जाईल याचा नेम नाही. शेजारच्या घरातील राउटरही त्याच हवेत बोलत असतो. दुसरी, एकच पॅकेट अनेकदा पाठवावे लागू शकते आणि तोवर मागची सारी पॅकेटे खोळंबतात. तिसरी, वेग स्थिर राहत नाही. मोबाइल राउटरजवळ असेल तर वेग मोठा, दोन भिंतींपलीकडे गेला तर त्याच्या दशांश किंवा त्याहूनही कमी. वरून मात्र पॅकेटे येतच राहतात. म्हणून बिनतारी ड्रायव्हरची रांग भरणे ही अपवादात्मक घटना नसून रोजचीच बाब आहे. ती नीट हाताळणे हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याचे नित्यकर्तव्य ठरते.

रांग भरली म्हणजे

रांग भरल्यावर ड्रायव्हरपुढे तीन मार्ग असतात. आलेले पॅकेट टाकून द्यावे, ते 'जागा नाही' म्हणून परत करावे, किंवा रांग भरण्याच्या आधीच वरच्या थराला 'थांबा' असा इशारा द्यावा.

सरसकट टाकून देणे सोपे, परंतु त्यात नियोजन नसते. टाकले गेलेले पॅकेट पुन्हा पाठवावे लागते. शिवाय कोणाचे टाकले जावे, हे केवळ योगायोगावर ठरते. परत करण्याचा मार्गही बरा नव्हे. वरचा थर तेच पॅकेट पुन्हा पुढे करतो, पुन्हा नकार मिळतो, आणि या निष्फळ येरझारांत संगणकाची शक्ती खर्ची पडते. लिनक्स या खुल्या प्रणालीच्या मार्गदर्शक नियमांत ड्रायव्हरने नेहमीच्या परिस्थितीत पॅकेट असे परत करू नये, तसे करावे लागणे हा ड्रायव्हरचाच दोष समजावा, असा दंडक आहे. लिनक्सच्या वाय-फाय विभागात तर ड्रायव्हरला पॅकेट परत करण्याची सोयच ठेवलेली नाही. हाती आलेले पॅकेट त्याने पाठवावे, अथवा टाकावे.

म्हणून तिसरा मार्ग हाच योग्य. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीचे उदाहरण घेऊ. बोट भरल्यानंतर उतारावर आलेले वाहन मागे वळविणे किती त्रासाचे, हे नित्य प्रवास करणाऱ्यांना सांगावयास नको. म्हणून बोटीत एखाद्याच वाहनाची जागा उरली असता धक्क्यावरचा कर्मचारी हात वर करून मागची वाहने रस्त्यावरच थांबवितो. ड्रायव्हरनेही हेच करावयाचे असते. एका पॅकेटाला कधी एकाहून अधिक खाने लागतात. त्यामुळे शेवटचा खाना भरेपर्यंत न थांबता, सर्वांत मोठे पॅकेट मावेल एवढी जागा उरली नाही की लगेच रांग थांबविल्याची खूण करावी. मग वरचा थर पुढचे पॅकेट पाठवीतच नाही. ते वरच सुरक्षित राहते.

थांबविणे सोपे, पुन्हा सुरू करणे कठीण

चिपने काही पॅकेटे पाठविली, खाने रिकामे झाले, की रांग पुन्हा सुरू करावयाची. हे ऐकावयास सोपे वाटते. परंतु बहुतेक घोटाळे येथेच होतात.

पहिला प्रश्न : एकच खाना रिकामा होताच रांग सुरू करावी काय? तसे केल्यास एक पॅकेट येते, रांग पुन्हा भरते, पुन्हा थांबवावी लागते. चालू-बंद, चालू-बंद यातच काळ जातो. म्हणून थांबविण्याची आणि सुरू करण्याची मर्यादा निरनिराळी ठेवतात. उदाहरणार्थ, आठ खाने उरले की थांबवावे आणि चौसष्ट रिकामे झाले की सुरू करावे. पाण्याच्या टाकीवरचा पंपही टाकी काठोकाठ भरल्यावर बंद होतो व पातळी बरीच खाली गेल्यावरच पुन्हा चालू होतो. तत्त्व एकच.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. पॅकेटे रांगेत घालणारा भाग आणि पाठविलेल्यांचा हिशेब घेणारा भाग एकाच वेळी काम करीत असतात. पहिल्या भागाला दिसते की रांग भरली. तो 'थांबा'ची खूण करणार, एवढ्या क्षणार्धात चिप सारी पॅकेटे पाठवून मोकळी होते. हिशेबाचा भाग पाहतो, तर थांबविल्याची खूण अजून झालेली नाही. म्हणून तो रांग सुरू करण्याचा प्रश्नच काढीत नाही. त्यानंतर पहिला भाग खूण करतो. आता रांग रिकामी आहे, पण थांबलेली आहे. आणि पाठविण्यासारखे काहीच न उरल्याने हिशेबाचा भाग पुन्हा कधी जागा होणार नाही. संपर्क कायमचा गोठतो. राउटर बंद करून पुन्हा चालू केल्यावर 'आपोआप' सुधारणाऱ्या बिघाडांपैकी काहींच्या मुळाशी अशीच चुकामूक असते. तिच्यावरील उपाय असा, की थांबविल्याची खूण केल्यानंतर ड्रायव्हरने रांगेकडे पुन्हा एकदा पाहावे आणि जागा झालेली आढळल्यास स्वतःच खूण काढून टाकावी.

एवढी दक्षता घेऊनही चूक राहू शकते, म्हणून लिनक्समध्ये तारेच्या जाळ्यांच्या ड्रायव्हरांवर एक पहारेकरी ठेवलेला असतो. रांग ठरावीक काळाहून अधिक थांबून राहिली, तर तो ड्रायव्हरला आपली यंत्रणा नव्याने सुरू करण्याचा आदेश देतो. ड्रायव्हरने स्वतः काही काळ ठरविला नसेल, तर हा काळ ५ सेकंद धरला जातो. वाय-फायमध्ये मात्र अशा अडकण्याची दखल बहुधा ड्रायव्हरला किंवा चिपमधील आज्ञावलीलाच घ्यावी लागते.

मोठी रांग हा उपाय नव्हे

रांग भरते म्हणून तक्रार, तर मग रांगच मोठी करावी, स्मरणशक्तीच्या चिपा आता स्वस्त आहेत, असे कोणासही वाटेल. यंत्रे बनविणाऱ्यांनाही तसेच वाटले आणि त्यातूनच मोठा अनर्थ ओढवला.

एक साधा हिशेब करू. १००० पॅकेटांची रांग ही लिनक्समध्ये दीर्घकाळ नेहमीची मर्यादा होती. प्रत्येकी १५०० बाइट धरल्यास ही १५ लाख बाइट, म्हणजे १ कोटी २० लाख बिट झाली. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने ती ०.१२ सेकंदात रिकामी होते. वेग ६ मेगाबिटवर आला, तर २ सेकंद लागतात. १ मेगाबिटवर आला, तर १२ सेकंद. म्हणजे लांबच्या खोलीतील विद्यार्थ्याच्या चित्रफितीने ही रांग भरून टाकली असेल, तर तिच्या मागे उभ्या राहिलेल्या एका छोट्याशा अर्जाला १२ सेकंद तिष्ठत बसावे लागेल. पॅकेट हरवत नाही, पण पोचते ते उशिरा; आणि दूरध्वनीवरील संभाषणात किंवा दृक्-वर्गात उशिरा पोचलेले पॅकेट हरविल्यासारखेच असते.

याची सूचना शास्त्रज्ञांनी फार पूर्वी दिली होती. जॉन नेगल यांनी १९८५ साली असे दाखवून दिले, की जाळ्यातील यंत्राला अमर्याद स्मरणशक्ती दिली तरी अतिभाराचा प्रश्न सुटत नाही. उलट पॅकेटे रांगेत इतकी रेंगाळतात की, पोचेपर्यंत त्यांची मुदतच संपून जाते. पुढच्याच वर्षी, १९८६ च्या ऑक्टोबरात, अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांमधील जोडणीवर याचे उग्र रूप दिसले. दोन्ही स्थळांत अंतर सुमारे ४०० यार्डांचे. पण वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर घसरला. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा अभ्यास करून १९८८ साली पाठविणाऱ्यानेच आपला हात आखडता घेण्याच्या पद्धती मांडल्या. त्या पद्धतींचे सार असे, की पॅकेट हरवले म्हणजे वाटेत गर्दी झाली असे समजून पाठविणाऱ्याने वेग कमी करावा.

येथेच मोठ्या रांगेचा खरा दोष ध्यानात येतो. रांग एवढी मोठी की पॅकेट हरवतच नाही; हरवत नाही म्हणून पाठविणाऱ्याला गर्दीची वार्ता कळत नाही; वार्ता कळत नाही म्हणून तो वेग कमी करीत नाही. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांना आपल्या घरच्या जोडणीवर हा विकार आढळला आणि त्यांनी त्याकडे जगाचे लक्ष वेधले. इंग्रजीत त्याला 'बफरब्लोट' म्हणतात. मराठीत 'रांगेची सूज' म्हटल्यास वावगे ठरू नये.

रांग वेळेने मोजावी

सूज उतरविण्याचा उपाय २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी सुचविला. त्याचे नाव 'कोडेल'. रांगेत किती पॅकेटे आहेत हे न मोजता, प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ थांबले हे मोजावे, ही त्यातील मुख्य कल्पना. क्षणभर गर्दी झाली तर हरकत नाही. परंतु थांबण्याचा काळ १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही ५ मिलिसेकंदांखाली आला नाही, तर रांग साचून राहिली असे समजून एक पॅकेट मुद्दाम टाकावे. पाठविणाऱ्याला वेळीच सूचना मिळते आणि तो वेग आवरतो. तरीही रांग ओसरली नाही, तर पॅकेटे अधिकाधिक जवळच्या अंतराने टाकावीत.

याला जोड म्हणून निरनिराळ्या संभाषणांच्या रांगा वेगळ्या करून प्रत्येकीला पाळीपाळीने संधी देण्याची पद्धत आली. छोट्या अर्जाला मग चित्रफितीच्या मागे उभे राहावे लागत नाही. हा संयुक्त उपाय २०१८ च्या जानेवारीत इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत रीतसर प्रसिद्ध झाला. लिनक्सच्या वाय-फाय विभागात तो वापरताना ५ ऐवजी २० मिलिसेकंदांची मर्यादा धरली आहे. कारण हवेत तेवढा विलंब स्वाभाविकच होतो.

हवेची न्याय्य वाटणी

वाय-फायमध्ये आणखी एक अन्याय दडलेला असतो. मानकाप्रमाणे प्रत्येक यंत्राला बोलण्याची संधी सारखी मिळते. पण संधी सारखी म्हणजे वेळ सारखा नव्हे. समजा, एक संगणक ५४ मेगाबिट वेगाने आणि दूरचा दुसरा ६ मेगाबिट वेगाने जोडलेला आहे. तेवढ्याच पॅकेटाला दुसऱ्यास नऊपट वेळ लागतो. दोघांनी एकेक पॅकेट पाळीने पाठविले, तर हवेतील दहा भागांपैकी नऊ भाग वेळ मंद यंत्र घेते. वरकड वेळ सोडून हिशेब केला, तर दोघांनाही जेमतेम ५.४ मेगाबिट मिळतात. सर्वांची गती मंद यंत्राच्या गतीवर येते.

जुन्या ड्रायव्हरांत याच्यावर आणखी भर पडे. सर्व यंत्रांची पॅकेटे एकाच सामाईक रांगेत असत. मंद यंत्राच्या पॅकेटांनी ती भरली, की ड्रायव्हर सारी रांगच थांबवी. मोकळ्या हवेतील जलद यंत्राचे पॅकेटही वरच अडकून पडे. अपराध एकाचा, शिक्षा सर्वांना.

स्वीडनमधील कार्लस्टाड विद्यापीठातील टोके हॉयलंड-यॉर्गेन्सन, तसेच डेव्ह टाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली यावरील उपाय प्रत्यक्ष चालवून दाखविला. प्रत्येक यंत्राची रांग वेगळी ठेवावी, ड्रायव्हरने आपल्याजवळ फार थोडी पॅकेटे बाळगावीत, आणि चिपमध्ये जागा झाली की स्वतः मागून घ्यावीत. कोणाला संधी द्यावयाची हे पॅकेटांच्या संख्येवर न ठरविता वापरलेल्या हवेच्या वेळेवर ठरवावे. वरच्याच उदाहरणात आता जलद यंत्राला २७ आणि मंद यंत्राला ३ मेगाबिट मिळतात. एकूण काम १०.८ वरून ३० मेगाबिटांवर जाते. मंद यंत्राचा वाटा घटतो हे खरे; परंतु त्याच्या वाट्याची निम्मी हवा त्याला मिळतेच आणि बाकीच्यांचा खोळंबा टळतो. भार असताना होणारा विलंब या पद्धतीने सुमारे दशांशावर आला, असे त्यांच्या प्रयोगांत आढळले. २०२० साली लिनक्समध्ये चिपच्या हवाली एका वेळी किती मिलिसेकंदांचे काम करावे, यालाही मर्यादा घालण्यात आली.

आपण काय करावे

हा सारा विषय तज्ज्ञांचा असला, तरी शाळा व कार्यालयांना त्यातून काही व्यावहारिक बोध घेता येईल.

नवी जोडणी मागविण्यापूर्वी एक साधी परीक्षा करून पाहावी. प्रत्येक संगणकावर 'पिंग' ही आज्ञा असते. पॅकेट जाऊन उत्तर येण्यास किती मिलिसेकंद लागले, हे ती दाखविते. जाळे शांत असताना प्रथम राउटरला आणि मग बाहेरच्या एखाद्या स्थळाला पिंग करून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. नंतर एखादी मोठी फाइल पाठवीत असताना तेच करावे. राउटरपर्यंतचाच काळ शेकडो मिलिसेकंदांनी वाढला, तर रांग हवेच्या टप्प्यात साचते आहे. राउटरपर्यंतचा काळ फारसा वाढला नाही आणि बाहेरचाच वाढला, तर ती बाहेरच्या जोडणीशी साचते आहे. पहिल्या स्थितीत जोडणीचा दर वाढविणे व्यर्थ होय.

जागचे न हलणारे संगणक शक्यतो तारेने जोडावेत. असे प्रत्येक यंत्र हवेतून कमी झाले, की उरलेल्यांना तेवढी हवा मोकळी होते. राउटर कपाटात किंवा कोपऱ्यात न ठेवता वापरणाऱ्यांच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. दूरचे मंद यंत्र सर्वांनाच महाग पडते, हे वर पाहिलेच. राउटर आणि संगणक यांतील आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी, कारण रांगेच्या हाताळणीतील सुधारणा याच मार्गाने येतात. खरेदीच्या मागणीपत्रात केवळ मेगाबिटांचा आकडा न लिहिता, भार असतानाचा विलंब, रांग-व्यवस्थापनाची सोय आणि आज्ञावली किती वर्षे अद्ययावत मिळेल, याचीही विचारणा करावी. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या खुल्या आज्ञावलीत या सोयी आधीपासून असतात. राउटर तिला अनुकूल असल्यास जाणकाराच्या मदतीने ती वापरता येते.

शिक्षकांना हा विषय वर्गातही घेता येईल. रांग किती मोठी आणि ती किती वेगाने सरकते, यावरून थांबण्याचा काळ काढणे हे सातवीच्या विद्यार्थ्यालाही जमणारे गणित आहे. वरचाच १००० पॅकेटांचा हिशेब निरनिराळे वेग घेऊन मुलांकडून करवून घ्यावा. म्हणजे जागा वाढविल्याने काम वाढत नाही, वेळेवर थांबल्याने आणि वेळेवर सुरू झाल्यानेच ते सुरळीत चालते, हे तत्त्व त्यांना आपोआप उमगेल.